जुन्या सीडींमधला आवाज आधी वाचवा



आजची पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. मुलं शनिवारी क्लासला गेली की चहा घेऊन निवांत वाचा. पण वाचून झाल्यावर एक काम याच महिन्यात करा, उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकलू नका.

साधारण १९९८ ते २००८ या दहा वर्षांत जे सामान बांधून देशाबाहेर पडले, मग ते अमेरिकेत आले असोत, इंग्लंडात, दुबईत की मस्कतला, त्यांच्या घरात सीडींची एक चेनवाली पिशवी बहुतेक असतेच. त्यात काही गाण्यांच्या, काही नाटकांच्या, आणि चार-पाच अशा, ज्यांच्यावर पेनाने लिहिलंय: "मुंज", "वास्तुशांत भाग १", "आजी ७५". मला बोलायचंय ते या चार-पाच सीडींबद्दल. दुकानातून आणलेल्या नाटकाची सीडी खराब झाली तर दुसरी प्रत कुठेतरी सापडेल. आजीच्या पंच्याहत्तरीची प्रत जगात एकच असते आणि ती तुमच्या कपाटात आहे.

"आहेत की, नीट ठेवल्यात," असं तुम्ही म्हणाल. माझंही तेच म्हणणं होतं. पण नीट ठेवलेल्या सीडीसुद्धा का जातात, आणि त्यातही आपल्या घरगुती व्हिडिओंच्या आधी का जातात, हे कळायला त्या सीडीत व्हिडिओ बसवला कसा होता ते बघावं लागतं. विषय तांत्रिक आहे, पण पोळ्या लाटता लाटता समजेल इतका सोपा आहे.

व्हीसीडी म्हणजे काय होतं

व्हिडिओ सीडीचे नियम १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून ठरवले. अमेरिकेत ती फारशी कुणाला माहीतच नाही. इथले लोक व्हीएचएस कॅसेटवरून थेट डीव्हीडीवर गेले. आपल्याकडे मात्र, आणि चीनमध्ये, आग्नेय आशियात, व्हीसीडी घरोघरी पोचली. प्लेअर स्वस्त, सीडी त्याहून स्वस्त. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी लागायची, सीडीला ती भीती कमी. आणि डीव्हीडीसारखं रीजनचं कुलूप नाही. दुकानातल्या डीव्हीडीला अमेरिकेत रीजन १, इंग्लंड आणि आखातात २, भारतात ५. व्हीसीडीला असलं काही नव्हतं. म्हणून सांगलीतल्या दुकानात बनलेली व्हीसीडी ओहायोतल्या आमच्या घरी चालायची. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा आणि अमेरिकेतला एनटीएससी ही एक भानगड होती, पण बरेच स्वस्तातले डीव्हीडी प्लेअर ती आपली आपण निस्तरायचे.

आता गणित. गाण्यांची सीडी ७४ मिनिटांची असायची, पुढे ८० मिनिटांची आली. गाणं वाजताना दर सेकंदाला सीडीवरचे ७५ कप्पे वाचले जातात. या कप्प्यांना सेक्टर म्हणतात. व्हीसीडी तयार करणाऱ्यांनी ठरवलं की सीडी याच वेगाने फिरेल आणि त्यातच चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे. म्हणून ८० मिनिटं गाणी मावणाऱ्या सीडीवर ८० मिनिटांचाच व्हिडिओ मावतो.

बसवायचं कसं? पाल पद्धतीच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि सेकंदाला २५ चित्रं. हे जसंच्या तसं ठेवायचं तर सेकंदाला ३ कोटींच्या वर बिट लागतात. व्हीसीडीत चित्रासाठी जागा आहे साडेअकरा लाख बिटांची. म्हणजे साधारण २६ पट दाबावं लागतं. हे काम एमपेग-१ नावाची पद्धत करते. ती एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांमध्ये शक्यतो फक्त काय बदललं तेवढंच लिहिते. चित्राचे छोटे छोटे चौकोन करून डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे टाकून देते.

यामुळेच लग्नाच्या व्हीसीडीत एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. नवरा-नवरी पाटावर शांत बसलेत तोवर चित्र छान. "शुभमंगल सावधान" झालं आणि अक्षता पडायला लागल्या की सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन होतात. कारण अक्षतांच्या पावसात चित्राचा प्रत्येक कोपरा दर क्षणाला बदलतो, आणि व्हीसीडीत शांत क्षणाला जेवढे बिट तेवढेच अक्षतांनाही. होमाचा धूर, फोटोग्राफरचा फ्लॅश, मुलांचा नाच, सगळीकडे हीच गत. सीडी बिघडली असं नाही, जागा पुरत नाही एवढंच.

एका सीडीत जास्त कसं बसवायचं

त्या काळात ही खटपट जगभर हौशी लोक रात्र रात्र करत होते. तुमच्यापैकी काहींनी केलीही असेल, हॉस्टेलमध्ये किंवा पहिल्या नोकरीच्या वेळी. एका सीडीत पूर्ण सिनेमा बसावा, मधे उठून दुसरी सीडी लावायला लागू नये, एवढीच इच्छा. आपला सिनेमा अडीच-तीन तासांचा, त्यामुळे आपल्याला ही अडचण जास्तच.

हिशेब सरळ आहे. सीडीत बिट ठरलेले. वेळ वाढवायचा तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी बिट येणार. ८० मिनिटांच्या सीडीत व्हीसीडीच्या नियमाने सेकंदाला साधारण १३९४ हजार बिट मिळतात. त्यात १५० मिनिटं कोंबायची तर मिळतात ७४३ हजार. त्यातून आवाजाचे नेहमीचे २२४ हजार वजा केले की चित्राला उरतात सव्वापाच लाखांच्या आत, म्हणजे निम्म्याहून कमी.

मग त्यावर नाना उपाय निघाले. चित्रातला कॅमेऱ्याचा खरखरीतपणा आधी काढून टाकायचा, कारण ते नाचणारे ठिपकेही बिट खातात. शांत दृश्यांना कमी बिट आणि धावपळीच्या दृश्यांना जास्त, अशी वाटणी करायची. त्यासाठी संगणक आधी सगळा व्हिडिओ एकदा तपासायचा आणि दुसऱ्या फेरीत दाबायचा, रात्रभर चालायचं ते. आवाज स्टिरिओचा मोनो करायचा. कुणी ९० किंवा ९९ मिनिटांच्या सीडी आणायचे. त्यांत रेषा जास्त दाटीने आखलेल्या असतात, नियमाबाहेरचा मामला, त्यामुळे कुठल्या प्लेअरवर चालेल आणि कुठल्या नाही याचा भरवसा नसे.

१९९८ मध्ये चीनमधून सुपर व्हीसीडी आली. तिच्यात एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीचीच पद्धत, आणि चित्र ४८० बाय ५७६ ठिपक्यांचं. दिसायला फार चांगलं, पण पूर्ण दर्जात एका सीडीत ४० मिनिटांच्या आसपासच. मग डिव्हएक्स आणि एक्सव्हिड आले, आणि ७०० एमबीत अख्खा सिनेमा बसायला लागला. पण ते बघायला संगणक लागायचा किंवा खास प्लेअर. गावाकडच्या आजोबांच्या टीव्हीखाली असलेला प्लेअर साधी व्हीसीडीच ओळखायचा. म्हणून मुंज, बारसं, लग्न करून देणाऱ्या दुकानांनी बरीच वर्षं व्हीसीडीच धरून ठेवली.

२७६ बाइट

आता मुद्द्याची गोष्ट. जास्त मावावं म्हणून चित्राचे बारकावे गेले, हे डोळ्याला दिसतं. पण आणखी एक गोष्ट गेली, जी दिसत नाही.

सीडीचा प्रत्येक कप्पा २३५२ बाइटचा असतो. संगणकाच्या फाइली ठेवायच्या असतील तर त्यातले २०४८ बाइट आपल्या माहितीला मिळतात. उरलेल्यात पत्ता वगैरे असतो आणि २७६ बाइट दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले असतात. सीडीवर ओरखडा आला, काही अक्षरं वाचता आली नाहीत, तर या २७६ बाइटवरून हरवलेलं परत काढता येतं. बँकेच्या हिशेबात एक आकडा चुकला तरी चालत नाही, म्हणून ही सोय.

व्हीसीडीवाल्यांनी विचार केला की व्हिडिओत एखाद्या क्षणी एक चौकोन वेडावाकडा दिसला तर कुणाचं काय बिघडतं? म्हणून चित्राच्या कप्प्यांमध्ये ते २७६ बाइटही व्हिडिओलाच देऊन टाकले. २०४८ अधिक २७६ म्हणजे २३२४. ज्या सीडीत ७०० एमबीची माहिती मावते, तिच्यात ८०० एमबीच्या जवळपास व्हिडिओ मावतो तो यामुळे. सगळ्याच सीडींना दुरुस्तीचा एक पहिला थर असतो, तो इथेही आहे. दुसरा थर मात्र नाही.

त्या वेळी हा निर्णय बरोबरच होता. सीडी नवी होती, प्लेअर नवा होता. आज वीस-पंचवीस वर्षांनी मात्र त्याचा परिणाम असा, की एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन सीडींवर एकीकडे फोटोंच्या फाइली आणि दुसरीकडे बारशाचा व्हिडिओ भरला असेल, तर बारशाची सीडी आधी अडखळणार.

त्यात घरी किंवा दुकानात भरलेली सीडी कंपनीतून छापून आलेल्या सीडीसारखी नसते. छापील सीडीत खड्डे ठोकलेले असतात. भरायच्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा केलेल्या असतात. रंग उजेडाने, उष्णतेने, दमटपणाने हळूहळू उतरतो. शिवाय हा थर चकचकीत बाजूला नसून नाव लिहितो त्या बाजूला असतो, वरच्या लाखेच्या थोडासाच खाली. म्हणून बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव आणि हौसेने चिकटवलेला गोल स्टिकर, दोन्ही सीडीला त्रासदायक. चिकटवलेला स्टिकर आता ओढून काढू मात्र नका, थरही त्याच्याबरोबर सोलून येतो.

आणि शेवटचं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. व्हिडिओची सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट कडेला. बोटं लागतात कडेला, दमट हवा शिरते कडेने, दुकानदाराने मर्यादेबाहेर भरलं असेल तर तेही कडेलाच. लग्नाच्या व्हिडिओच्या शेवटी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाठवणी.

बाबांची यादी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबर २००२ मध्ये सांगलीला झालं. मला आठवा महिना चालू होता, विमानात बसायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी मांडवाच्या खर्चातून हँडीकॅम घेतला. सगळं लग्न त्यांनी स्वतः शूट केलं. दोन कॅसेट, मिळून अडीच तास. मग ते घेऊन सीडी करून देणाऱ्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "काका, एका सीडीत ऐंशी मिनिटं. सगळं पाहिजे तर दोन सीडी करतो. नाहीतर दाबून एकातच बसवतो, पण चित्र फाटंल आणि तिकडच्या प्लेअरवर लागंल का सांगता यायचं नाही."

बाबा म्हणाले, "पोरीचं दिवस भरत आल्यात. बाळ आलं की अडीच तास बसून बघायला तिला कुठला वेळ? एका बैठकीत बघून झालं पाहिजे. काय काढायचं ते मी सांगतो."

दोन दिवस ते दुकानात जाऊन बसले. आईने नंतर मला त्यांच्या हिशेबाच्या वहीतला कागद दाखवला. एका बाजूला "ठेवा", दुसऱ्या बाजूला "काढा". स्टेजवर हात मिळवायला आलेल्या पाहुण्यांची रांग काढा. पुढाऱ्यांचा सत्कार काढा. बँड काढा. ठेवा मध्ये होतं: आदल्या दिवशीचं स्वयंपाकघर, आजी गव्हले वळताना, रुखवत, अंतरपाट, शेवटची पंगत, पाठवणी. कुणीही व्यावसायिक माणसाने याच्या बरोबर उलटं केलं असतं.

बिट कमी करून सगळंच थोडं थोडं बिघडवायचं, की काही भाग सोडून उरलेला नीट ठेवायचा, हा प्रश्न जगभरचे हौशी लोक तेव्हा संगणकावर सोडवत होते. बाबांनी तो वहीच्या कागदावर सोडवला.

त्या कॅसेट पुढे बुरशी लागून गेल्या. बाबा २०११ मध्ये गेले. राहिली ती ही एक सीडी.

चित्र पुसट, आवाज स्वच्छ

मागच्या वर्षी मी ती सीडी संगणकावर उतरवून घेतली. चित्र बघून मुलगा म्हणाला, "आई, एवढं ब्लरी?" बरोबरच आहे त्याचं. व्हीसीडीच्या एका चित्रात साधारण १ लाख ठिपके, आजच्या फोनच्या साध्या फुल एचडी व्हिडिओत २० लाखांच्या वर. मोठ्या टीव्हीवर आजीच्या चेहऱ्याचा पुसट चौकोन दिसतो.

पण आवाज? आवाजाला व्हीसीडीने कंजुषी केलेली नाही. सेकंदाला २२४ हजार बिट, स्टिरिओ, गाण्यांच्या सीडीइतकाच नमुन्यांचा वेग. आपण हल्ली गाडीत ऐकतो त्यातले बरेच पॉडकास्ट याच्या निम्म्याहून कमीवर चालतात. चित्र २६ पट दाबलं होतं, आवाज मात्र फार तर सहा-सात पट.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. बाबा या व्हिडिओत एकदाही दिसत नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात. पण माइक कॅमेऱ्यावरच, म्हणजे त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. अख्ख्या ऐंशी मिनिटांत सगळ्यात स्पष्ट आवाज त्यांचाच आहे. ते सगळं मला सांगतायत. "हे बघ, हा मांडव, गेल्या साली वादळात पडलेला आंबा होता ना, त्याच्या जागी." "ही तुझी मावशी, तुझी आठवण काढून दोनदा रडली, आता जेवतीय." "ह्याला रुखवत म्हणतात, नातवाला सांग."

नातू नव्हता, नात झाली. ती आता मोठी झाली आहे. आजोबांना ती शेवटची भेटली तेव्हा आठ वर्षांची होती, त्यांचा चेहरा तिला फोटोंतून माहीत आहे. आवाज आठवत नव्हता. आता तिच्या फोनमध्ये ऐंशी मिनिटांचा आवाज आहे, आणि ती कॉलेजला जाताना बसमध्ये तो ऐकते. "गव्हले", "अंतरपाट", "सुनमुख" हे शब्द मी तिला कधी शिकवले नव्हते. वीस वर्षं मी घरात मराठी बोलतेय, पण आपली मराठी कामाची मराठी होते. जेव, आवर, उशीर झाला, बूट काढ. मांडवातली मराठी वेगळी असते, तिला माणसं लागतात.

सीडीचा शेवट अडला होता. शेवटची सहा मिनिटं पहिल्या ड्राइव्हवर वाचलीच गेली नाहीत. दुसऱ्या ड्राइव्हवर चाळीसेक सेकंद सोडून बाकी सगळं निघालं. पाठवणीच्या वेळी कॅमेरा खाली झुकलेला आहे. पडद्यावर फक्त चपला आणि फुलांचा चुरा. आणि बाबांचा आवाज, गाडीवाल्याला उद्देशून: "सावकाश जावा हं."

तुम्ही काय करायचं

१. आधी सगळ्या सीडी एका टेबलावर काढा. दुकानातून आणलेल्या बाजूला, घरच्या बाजूला. घरच्यांमध्येही ज्यात आता हयात नसलेली माणसं आहेत, त्या आधी.

२. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा साधा बाहेरचा ड्राइव्ह अमेरिकेत पंचवीस-तीस डॉलरला मिळतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घ्या.

३. सीडी पुसायची तर मऊ कपड्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो.

४. व्हीसीडी उघडल्यावर एमपेगएव्ही नावाचं फोल्डर दिसेल. त्यात डॅट शेपटीची मोठी फाइल असते, तोच तुमचा व्हिडिओ. ती संगणकावर कॉपी करा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती तशीच चालते. सुपर व्हीसीडीत फोल्डरचं नाव एमपेग२ असतं. मॅकवर कॉपी अडली तर कुणाचा तरी जुना विंडोज लॅपटॉप मागून आणा.

५. व्हीसीडीची आयएसओ इमेज करून "झालं" म्हणू नका. आयएसओत प्रत्येक कप्प्याचे २०४८ बाइटच येतात, आणि तुमचा व्हिडिओ २३२४ मध्ये आहे. पूर्ण प्रत घ्यायची तर बिन आणि क्यू अशा जोडीच्या फाइली करणारा प्रकार निवडा.

६. कॉपी मधेच थांबली तर सीडी गेली असं समजू नका. एक कप्पा वाचता आला नाही तरी संगणक अख्खी फाइल सोडून देतो. आधी दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते. तरीही अडलं तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर वापरा. ते खराब कप्पे ओलांडून पुढचं काढून देतं. एक-दोन सेकंद चित्र फाटेल, फाटू द्या.

७. सीडीवरून आली ती मूळ फाइल कधीच पुसू नका. फोनवर पाठवायला एमपी४ करायची तर तिची वेगळी प्रत करा. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. आधीच २६ पट दाबलेलं आणखी दाबलं की काय उरणार?

८. आवाजाची वेगळी फाइल करा. व्हीएलसीच्या कन्व्हर्टमध्ये एमपी३चा पर्याय असतो. ही फाइल मुलांच्या फोनमध्ये टाका. व्हिडिओ ते एकदा बघतील. आवाज गाडीत पुन्हा पुन्हा ऐकला जातो.

९. प्रती तीन: एक इथे हार्ड डिस्कवर, एक भारतात भावा-बहिणीकडे, एक क्लाउडवर. नवीन सीडीवर भरून ठेवू नका.

१०. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि प्रसंग लिहा. "व्हिडिओ १" असं नाव वीस वर्षांनी कुणाला काही सांगत नाही.

यातलं पहिलं ते नववं काम तुम्ही एकट्याने, एका रविवारात करू शकता. दहाव्याला मात्र माणूस लागतो. पंगतीत तिसऱ्या पानावर बसलेले ते कोण, स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवणारी कोण, हे तुमच्या आईला माहीत आहे, तुम्हाला अर्धवट, तुमच्या मुलांना अजिबात नाही. फाइल तयार झाली की आईला व्हिडिओ कॉल लावा, स्क्रीन शेअर करा आणि मुलांना शेजारी बसवा. ती सांगेल ते लिहून घ्या, किंवा तिचं सांगणंच रेकॉर्ड करा. आम्ही तीन रविवार हे केलं. ऐंशी मिनिटांच्या व्हिडिओला आईला साडेचार तास लागले, कारण प्रत्येक माणसाबरोबर एक गोष्ट निघते. तिसऱ्या रविवारी मुलगा आपणहून विचारायला लागला, "आजी, आणि त्या कोपऱ्यातल्या काकू?"

भारतात जाणार असाल तर ड्राइव्ह बॅगेत टाका. सासरी, माहेरी, मामाकडे, प्रत्येक घरात टीव्हीखालच्या कप्प्यात अशा सीडी आहेत, आणि तिथली हवा इथल्यापेक्षा दमट. त्यांना घेऊन येऊ नका, तिथेच बसून उतरवा, म्हणजे सीडी त्यांची त्यांच्याकडे राहील आणि एक प्रत त्यांनाही मिळेल.

कुणाला डॅट फाइल उघडताना किंवा कॉपी करताना अडचण आली तर इथेच खाली लिहा, मला जमेल तेवढं सांगेन. आणि ज्यांना हे सगळं आधीच येतं, त्यांनी आपल्या गावातल्या एका तरी घराला मदत करा, विशेषतः ज्या घरात आता एकटेच काका किंवा काकू राहतात आणि सीडी लावायला प्लेअरही उरलेला नाही. त्यांच्यासाठी एक दुपार काढा.